मे महिन्याच्या सुट्टीत मागे पडलेल्या मुलांचा वर्ग कसा घ्यायचा

मार्च संपत आला की मला दोन-चार जणांचे तरी मेसेज येतात, की आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची मुलं आहेत, वॉचमन काकांचा मुलगा आहे, सुट्टीत त्यांना शिकवायचंय पण सुरुवात कुठून करू. पुण्यातल्या बिबवेवाडीत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेली सहा वर्षं असा वर्ग घेतोय, तिसरी ते सातवीची मुलं, दरवर्षी वीस-पंचवीस. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं वाचा. मुलगा कितवीत आहे ते विसरायचं. पहिल्या वर्षी आम्ही अप्पा बळवंत चौकात जाऊन पाचवी-सहावीची पुस्तकं आणली आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, आठव्या दिवशी निम्मी मुलं यायची बंद झाली. मुलं आळशी नव्हती हो, शाळेत वर्षभर जे डोक्यावरून गेलं तेच आम्ही सुट्टीत परत डोक्यावरून नेत होतो. ज्याला परिच्छेद वाचता येत नाही त्याला सहावीचा इतिहास कितीही प्रेमाने शिकवला तरी तो काय करणार! मूल जिथे अडकलंय तिथे जाऊन बसायचं आणि तिथून पुढे यायचं, मग ते दुसरीचं का असेना.

हे नुसतं माझं मत नाहीये. 'प्रथम' ही मुलांच्या शिक्षणावर काम करणारी संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, त्यात गावोगाव घरी जाऊन मुलांकडून वाचून घेतात, आणि २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभरातल्या साधारण २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरात चित्र वेगळं असेल असं वाटतं ना, मग एकदा आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये एखाद्या मुलाला गोष्ट वाचायला देऊन बघा.

तर पहिले दोन दिवस फक्त तपासणी. असरचीच पद्धत वापरा, सोपी आहे. एका कागदावर मोठ्या टायपात काही अक्षरं, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात एक ते नऊ अंक ओळखणं, मग अकरा ते नव्व्याण्णव, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकाने भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. पण एकेकाला बाजूला घेऊन बसा, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. सातवीतला मुलगा धाकट्या बहिणीसमोर अडखळला की दुसऱ्या दिवशी येत नाही, हे मी स्वतः बघितलंय आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि शाळेचं पुस्तक तपासणीला वापरू नका. एक सहावीतली मुलगी होती, पुस्तकातली कविता काय घडाघडा म्हणाली, मी खूश. मग लक्षात आलं की तिचं बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंडात सातवी ओळ चाललीय. सगळं पाठ. कागदावरची साधी गोष्ट पुढे ठेवली तर 'आईने भाकरी केली' यावर थांबली, भाकरीतला भा कुठला ते शोधत बसली. पाच वर्षं ती पाठांतरावर वर्ग पार करत आली होती आणि कुणाला कळलंच नाही. तिची चूक काय त्यात?

तपासणी झाली की इयत्तेप्रमाणे नाही, पातळीप्रमाणे गट पाडायचे. अक्षर-शब्दवाले एक, परिच्छेदवाले दुसरे, गोष्ट वाचू शकणारे तिसरे. गणिताचे गट वेगळे होतात, कारण वाचनात कच्चा असलेला मुलगा हिशोबात पक्का असू शकतो, विशेषतः आईवडिलांची भाजीची गाडी असेल तर. गटांना 'ढ' आणि 'हुशार' कळेल अशी नावं अजिबात नकोत, आम्ही किल्ल्यांची देतो, सिंहगड, तोरणा, राजगड. दर दहा दिवसांनी परत तपासायचं आणि पुढे गेला की लगेच गट बदलायचा.

ही पातळीप्रमाणे शिकवायची पद्धत प्रथमनेच वाढवली आणि तिच्यावर बरंच संशोधन झालंय, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातला बिहारचा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. २००८ च्या उन्हाळ्यात तिथे सरकारी शाळेतल्याच शिक्षकांनी सुट्टीत साधारण महिनाभर असे वर्ग घेतले आणि मुलं वाचनात चांगली पुढे गेली. पण शाळेच्या वर्षात शिक्षकांना नुसतं साहित्य आणि ट्रेनिंग दिलं तिथे काही फरक पडला नाही, कारण शाळा सुरू झाली की पोर्शन पूर्ण करायच्या मागे लागावं लागतं. म्हणजे शिक्षक काही वाईट नसतात, त्यांच्याकडे मोकळा वेळ नसतो, आणि तो मोकळा वेळ मे महिन्यात आपल्याकडे असतो. म्हणून तर मी म्हणते की सुट्टीत पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधीच उरकून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

आता रोज काय करायचं. आमचे दोन तास असतात, साडेसात ते साडेनऊ. नंतर उन्हाचा कडाका सुरू होतो आणि पत्र्याखाली बसवत नाही. पहिला तास वाचन, मग पाणी आणि चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, मग पाऊण तास गणित, शेवटी एक खेळ. चिक्की विसरू नका, बरीच मुलं नुसता चहा पिऊन येतात.

वाचनात रोज आधी शिकवणारी ताई किंवा दादा गोष्ट मोठ्याने वाचून दाखवतात, शब्दाखाली बोट फिरवत, मग सगळे मिळून, मग एकेकटे. मग त्या गोष्टीवर गप्पा. गप्पा टाळू नका, काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरच ते वाचन. गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या साइटवर पातळीप्रमाणे लावलेली मराठी पुस्तकं फुकट आहेत, आणि बालभारतीच्या साइटवर पहिली-दुसरीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, त्यातली हवी ती पानं प्रिंट करा.

मराठीत मुलं हमखास दोन ठिकाणी अडकतात. एक ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकार, त्याचं फार मनावर घेऊ नका, वाचता वाचता सुधारतं. दुसरं जोडाक्षरं, आणि त्यातही र. र किती रूपं घेतो बघा, सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. 'सूर्य' हा शब्द पाचवीतला मुलगा 'सूयर' वाचतो, 'पर्वत' ला 'पवरत' म्हणतो, कारण रफार वर डोक्यावर दिसतो आणि त्याला वाटतं तो त्याच अक्षराच्या नंतर येतो. त्याला चूक चूक म्हणून काही होत नाही. आम्ही काय करतो, रफार लाल खडूने काढतो आणि म्हणतो हा र आधीच्या घरात राहतो, फक्त पुढच्याच्या गच्चीवर जाऊन बसलाय, म्हणून आधी त्याला हाक मारायची. सू-र्-य. मग टाळी वाजवत दर्शन, गर्दी, कर्वे रोड, अर्धा तास फक्त रफार. येताना-जाताना दुकानांच्या पाट्यांवरचे रफार शोधून आणायला सांगा, दुसऱ्या दिवशी मुलं वहीत वीस-वीस शब्द घेऊन येतात, सर्व्हिस सेंटर, दुर्गा, फर्निचर. कोवळं पोर 'ताई मला बसची पाटी वाचता आली, मार्केटयार्ड' असं सांगत धावत येतं ना, तेव्हा काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येणार.

गणितात सगळ्यात मोठी अडचण हातच्याची. ५२ वजा २७ दिलं की उत्तर येतं ३५. का? तर दोनातून सात जात नाहीत मग सातातून दोन घालवले. मुलगा आपल्या परीने नियमच पाळतोय, मोठ्यातून लहान वजा करायचं. इथे फळ्यावर शंभरदा करून दाखवू नका. खराट्याच्या काड्या नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून करा. पाच जुड्या, दोन सुट्ट्या. आता म्हणा मला सत्तावीस दे. तो दोन जुड्या देतो, मग सुट्ट्या सात द्यायच्या तर दोनच आहेत, थांबतो, बघतो, आणि स्वतःच एका जुडीचं रबर काढतो. तो क्षण येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मला हे जमायला दोन उन्हाळे लागले. रबर त्यानेच काढलं पाहिजे, मग हातचा म्हणजे काय ते आयुष्यात विसरत नाही. काड्यांनंतर खेळण्यातल्या दहाच्या आणि एकच्या नोटा, मग वही.

मराठी आकड्यांच्या नावांनीही मुलं गोंधळतात. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहायचा, त्यामुळे पंचवीसचे बावन्न होतात. एकोणसाठ तर अजून अवघड, नाव साठचं आणि लिहायचं पाचापासून. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पन्नास दोन, साठ तीन असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवत असेल. मी त्या वादात नाही पडत, पण अडकलेल्या मुलासाठी 'पन्नास आणि दोन, बावन्न' असं दोन्ही जोडून म्हणायचा खूप फायदा होतो, महिन्याभरात पहिला भाग आपोआप गळून पडतो. पाढे रोज म्हणून घ्या, पण पाच मिनिटं, शिक्षा म्हणून कधीच नाही.

शिकवायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न सगळे विचारतात. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी मुलं-मुली शोधा! मार्चमध्ये पेपर संपलेले असतात आणि सुट्टी मोकळी असते. वस्तीतलीच एखादी ताई असेल तर सोन्याहून पिवळं, लहान मुलं तिचं जेवढं ऐकतात तेवढं माझंही ऐकत नाहीत. त्यांना आधी दोन दिवस स्वतः बसून शिकवा, एका ताईकडे सहा ते आठच मुलं द्या, आणि शक्य असेल तर थोडं मानधन द्याच. आजी-आजोबाही छान वाचून दाखवतात. नेहमी दोन मोठी माणसं हजर पाहिजेत, पालकांचा नंबर आणि परवानगी घेतलेली पाहिजे, आणि न विचारता मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत.

जागेसाठी मंदिराचा मंडप, अंगणवाडी, गणपती मंडळाची खोली, काहीही चालतं. आम्हाला एका सोसायटीने क्लबहाउस नाकारलं, बाहेरची मुलं आत नकोत म्हणून. त्याच मुलांच्या आया त्या घरांत रोज पोळ्या करतात. खूप लागलं मनाला, पण मंडळाच्या मुलांनी लगेच खोली उघडून दिली. मोठ्या बहिणींसोबत दोन-तीन वर्षांची भावंडं येतील, त्यांना परत पाठवू नका, नाहीतर बहीणही जाते. कोपऱ्यात सतरंजी टाकून ठोकळे आणि खडू ठेवा.

मधेच मुलं गावाला जातात, सोलापूर, लातूर, बीड, जत्रा असते, लग्नं असतात. जाऊ द्या. जाताना दोन गोष्टींची पुस्तकं द्या आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फोन करा, एक गणित घाला, एक परिच्छेद वाचून घ्या. २०२० ला शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोट्स्वानात असाच मेसेज आणि आठवड्याचा फोन करून बघितला होता आणि मुलांचं गणित खरंच सुधारलं. साधा फोन पुरतो.

एक गोष्ट सहज सुटते, डोळे. जे मूल पुस्तक नाकाला लावतं किंवा फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतं त्याची आधी डोळ्यांची तपासणी करा. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी, सगळे तिला मंद समजत होते, चष्मा लागला आणि तीन आठवड्यांत गोष्टीच्या गटात गेली. आणि रोज येऊन, मन लावूनही महिन्याभरात मूल अक्षरांच्या पुढेच जात नसेल तर पालकांशी शांतपणे बोला, अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, त्याची तपासणी डॉक्टरांकडून होते, आपण शिक्का मारायचा नाही.

आईला वाचता येत नसलं तरी तिला सामील करून घ्या. भाकऱ्या थापताना पोरीला शेजारी बसवून दहा मिनिटं वाचायला लावा, एवढंच सांगायचं. चूक कळली नाही तरी चालेल, ऐकणारं कुणीतरी पाहिजे.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की वर्ग बंद करू नका, आठवड्यातून दोन संध्याकाळी ठेवा. आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाचा एक कागद घेऊन त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा, एप्रिलमध्ये काय वाचत होता, आता काय वाचतो, आणि कुठे अजून अडतो. भेटायला मुलालाही बरोबर न्या आणि कागदातला परिच्छेद त्यालाच बाईंना वाचून दाखवू द्या.