परसातल्या पक्ष्यांची आंघोळ एका चौकटीत बसवताना या चुका टाळा

बुलबुल, दयाळ आणि नारिंगी डोक्याचा कस्तुर एकाच वेळी एका दोणीत न्हाताना सापडणं कठीण. एक आला की दुसरा गडग्यावर जाऊन बसतो. म्हणून वेगवेगळ्या क्षणांचे फोटो जोडून एकच चित्र करायचं. आपल्याकडचे असे जोडफोटो पाहिले की बहुतेक वेळा चूक पाण्यात दिसते. पक्षी व्यवस्थित कापून आणलेला असतो, पण त्याने उठवलेली लाट आणि त्याचं प्रतिबिंब मूळ फोटोतच राहिलेलं असतं. मग तो पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

मास्क (वरच्या फोटोचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा थर) रंगवताना पिसांच्या कडेकडेने जाऊ नका. मोठा, मऊ ब्रश घ्या आणि लाट जिथे विरते तिथपर्यंतचं पाणी पक्ष्यासोबत आत येऊ द्या. दोन पक्ष्यांच्या लाटा एकमेकींत घुसत असतील तर सरळ एक पक्षी सोडून द्या. तिथली शिवण कितीही पुसली तरी दिसतेच. उडालेल्या थेंबांसाठी वेगळी युक्ती आहे. मागे काळोखी झाडी असेल तर थेंबांचा लेयर (एकावर एक रचलेल्या फोटोंपैकी तो थर) ‘लाइटन’ मोडवर ठेवा, उजळ थेंब तेवढे उमटतात. हे पक्ष्यावर मात्र करू नका. मागे चुन्याची भिंत असली तर दयाळाचा काळा भाग गायब होतो आणि पांढरे पट्टे तेवढे हवेत उरतात!

बाकीच्या चुका कॅमेऱ्याजवळच होतात. ट्रायपॉड मध्येच हलवणं ही त्यातली सगळ्यात महागडी. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगजुळणी) ऑटोवर ठेवले तर काळ्या दयाळाला एक उजेड, नारिंगी कस्तुराला दुसरा, आणि पाण्याचा रंग प्रत्येक फोटोत निराळा. दोन्ही मॅन्युअल करा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) घ्या. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. थेंब गोठवायचे तर १/२०००. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. रवाळपणा नंतर कमी करता येतो, हललेली चोच सुधारत नाही.

फोकसचा हिशेब बरेचजण करतच नाहीत. फुल फ्रेम कॅमेरा, ३०० मिमी लेन्स, ४ मीटर अंतर, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप): एवढ्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ८-९ सेंटीमीटर. दोणीच्या पुढच्या काठावरचा बुलबुल आणि मागच्या काठावरचा सातभाई दोघेही रेखीव येणार नाहीत. उपाय सोपा आहे. दोणीत पाणी ३-४ सेंटीमीटरच ठेवा आणि लेन्ससमोर आडव्या अशा एका ओळीत दोन-तीन खडबडीत चपटे दगड मांडा. पक्ष्यांना पाय ठेवायला तीच जागा सोयीची वाटते, मग फोकसही त्याच ओळीवर बांधून ठेवता येतो. गुळगुळीत चिनी मातीचं भांडं नको, पाय घसरले की पक्षी परत यायला कचरतात. डासांसाठी पाणी रोज बदला.

आणि ऊन. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे माडाच्या चुडतांखालचे उन्हाचे ठिपके थोड्याच वेळात दोणीच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असतात. तीन पक्षी, तीन सावल्या, तिन्ही वेगळ्या दिशांना. पूर्ण सावलीची जागा निवडा. दर थोड्या वेळाने पक्षी नसताना शांत पाण्याचाही एक फोटो घेऊन ठेवा; जोडताना तळाचा लेयर म्हणून तोच लागतो. पक्ष्याच्या फोटोच्या वेळेला सगळ्यात जवळचा असेल तो वापरा.

फोटो धुरकट येत असतील तर आधी लेन्स बघा. एसीच्या खोलीतून थेट परसात नेलेल्या कॅमेऱ्यावर गोव्याच्या दमट हवेत लगेच वाफ धरते. तो बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या.

शिंजिराला दोणीत बसवण्याचा मोह काहींना होतो. तो सहसा ओल्या पानांवर अंग घासून न्हातो, त्यामुळे बुलबुलाशेजारी पोटापर्यंत पाण्यात उभा केलेला शिंजीर पक्षी ओळखणाऱ्याला लगेच खटकतो. एखादा पक्षी दोणीच्या मानाने लहान-मोठा करून बसवला तरी तसंच. आकार मूळ फोटोतलाच ठेवा.

फोटो टाकताना तो जोडलेला आहे हे लिहा. चार ठिकाणी दिसणारा बुलबुल एकच असेल तर तेही लिहा. निसर्गछायाचित्रांच्या अनेक स्पर्धांत जोडफोटो चालत नाहीत, म्हणून मूळ रॉ फाइली पुसू नका. त्यातला एखादा सुटा फोटोच तिथे पाठवता येईल.