कुकी एन्कोडिंगच्या या चुका टाळा (निदान 'पुणे' लिहून तरी बघा)

सर्व्हरवर रेंडर होणाऱ्या ॲपमध्ये एकच कुकी (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी माहिती) सर्व्हरही वाचतो आणि ब्राउझरही. एन्कोडिंग म्हणजे कुकीत चालत नसलेली अक्षरं %-कोडमध्ये बदलणं; त्यावर दोघांचं एकमत नसलं की गोंधळ ठरलेला.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे दुहेरी एन्कोडिंग. एका प्रोजेक्टवर युजरने निवडलेलं गाव आम्ही कुकीत ठेवायचो. कोणीतरी 'सेफ्टीसाठी' सर्व्हरवर एन्कोडयूआरआयकंपोनंट (जावास्क्रिप्टचं एन्कोड करणारं फंक्शन) लावलं आणि ती व्हॅल्यू एक्सप्रेस या सर्व्हर फ्रेमवर्कच्या, कुकी लिहिणाऱ्या रेस-डॉट-कुकीला दिली. ते स्वतःच एन्कोड करतं, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण वाचतंय कोण! वर दर रिक्वेस्टला वाचलेली व्हॅल्यू परत एन्कोड करून लिहिली जात होती. टेस्टिंग रोमन अक्षरांतल्या 'पुणे'वर झालेलं. त्यात एन्कोड होण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे सगळं हिरवंगार.

लाइव्ह गेल्यावर कोणीतरी देवनागरीत 'पुणे' निवडलं. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १२ बाइट; एन्कोड केल्यावर प्रत्येक बाइटचं एक % आणि दोन हेक्स अंक, म्हणजे ३६ अक्षरं. पुढच्या प्रत्येक पानाला त्यातल्या बाराही % चिन्हांचं %25 होणार, म्हणजे दर वेळी २४ अक्षरांची भर. कुकी ज्यातून जाते त्या हेडरमध्ये गावाच्या जागी टक्क्यांची आगगाडी दिसायला लागली. शेवटी ४०९६ बाइटची मर्यादा आली की ब्राउझर नवी कुकी घेतच नाही, जुनी तशीच राहते. मग युजर म्हणतो, 'गाव बदलतच नाही.' आम्ही दोन दिवस ड्रॉपडाउन तपासत बसलो होतो.

तेव्हापासून कुकी लिहायची-वाचायची एकच फाइल ठेवतो. बाहेर कुठे एन्कोड दिसलं की रिव्ह्यू परत. आणि '%25 दिसलं तर दोनदा डीकोड करून टाका' असं सुचवणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका करू. खरोखर %25 असलेली व्हॅल्यू आली की तीही बिघडेल.

दुसरा त्रास: एकाच युजरला प्रत्येक पानावर ५०० (सर्व्हर एरर), इन्कॉग्निटोत मात्र सगळं ठीक. अशा वेळी आधी कुकीच बघा. दुसऱ्या सबडोमेनवरच्या कूपनवाल्या स्क्रिप्टने मुख्य डोमेनवर नुसता % असलेली कुकी टाकलेली असते. % नंतर दोन हेक्स अंक नसले की डीकोडयूआरआयकंपोनंट एरर फेकतं, आणि तुमचा हाताने लिहिलेला, कुकी वाचणारा पार्सर सगळ्या पानांच्या लेआउटमध्येच चालत असेल तर अख्खं पान आडवं. ट्राय-कॅच (एरर झेलणारा कोड) प्रत्येक कुकीला वेगळा लावा, पूर्ण हेडरला एकच नको. नाहीतर एका परक्या कुकीपायी लॉगिनही जातं. लॉगमध्ये कुकीचं नाव लिहा, व्हॅल्यू नाही. 'कॅश क्लिअर करा' हे उत्तर सपोर्टला शिकवू नका.

बाकीच्या किरकोळ: '=' वर स्प्लिट करून दुसरा तुकडा उचलला की बेस६४ च्या शेवटचे '=' गळतात; पहिल्याच '=' वर तोडा. गो भाषेतल्या, यूआरएलसाठी असलेल्या क्वेरी-अनएस्केपने कुकी डीकोड केली की '+' ची स्पेस होते. ब्राउझरमधलं डॉक्युमेंट-डॉट-कुकी स्वतःहून काहीच एन्कोड करत नाही, व्हॅल्यूत ';' आला की पुढचं सगळं कापलं जातं. कुकीत फेरफार ओळखायला सही करत असाल, तर ती एन्कोड केलेल्या व्हॅल्यूवर करायची की मूळ, हे आधी ठरवा.

माझी टेस्ट व्हॅल्यू ठरलेली आहे: 'पुणे; 50%+='. ती लिहायची, पान तीनदा रिफ्रेश करायचं, आणि हेडरमधली लांबी तिन्ही वेळा मोजायची.