नव्या मॉनिटरवर जुने पीसी गेम नीट चालतात का, हे कसं तपासावं

जुन्या गेमसाठी मॉनिटर तपासताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: चित्र येतंय की नाही. आलं की खूश. पण जो मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून हात वर करतो, तो निदान तोंडावर सांगतो तरी. खरी डोकेदुखी असते ती सिग्नल निमूट घेऊन त्याची वाट लावणाऱ्या मॉनिटरची. चेहरे फुगलेले, अक्षरं कुठे जाड कुठे पुसट, पळणारा नायक सारखा अडखळतोय. आणि आपण समजतो, गेमच तसा होता.

यामागचं कारण आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं, म्हणजे पीसीतून मॉनिटरला चित्र पाठवायची एक पद्धत. त्यात डॉसची (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांवर चालणारी सिस्टिम) अक्षरांची स्क्रीन ७२०×४०० अशी असते आणि २५६ रंगांचे बरेचसे गेम ३२०×२०० मध्ये चालतात. या २०० ओळींतली प्रत्येक ओळ ग्राफिक्स कार्ड दोनदा पाठवतं, म्हणजे मॉनिटरपर्यंत ४०० ओळीच पोचतात. हे दोन्ही सेकंदाला ७० वेळा, म्हणजे ७० हर्ट्झला. ६४०×४८० मात्र ६० हर्ट्झला. साध्या मॉनिटरची घडणच ६० भोवती झालेली असते, त्यामुळे ६४०×४८० सहसा सुरळीत जातं. घोळ होतो तो ७० वाल्यांचा. खालच्या पायऱ्या जुना पीसीच मॉनिटरला जोडणाऱ्यांसाठी आहेत; आजच्या पीसीवर खेळणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

पायरी १: मॅन्युअल उघडा

मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सपोर्टेड टायमिंगचा, म्हणजे मॉनिटर कोणते सिग्नल घेतो त्याचा, तक्ता असतो. त्यात ‘७२०×४००, ७० हर्ट्झ’ ही ओळ शोधा. असेल तर सिग्नल नाकारला जाण्याची भीती जवळपास मिटली. नसेल तर उभी (व्हर्टिकल) फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती चित्रं चालतात, ते बघा. ५६ ते ७५ असं काही लिहिलेलं असेल तर आशा आहे.

पायरी २: केबल कोणती, ते ठरवा

मॉनिटरला व्हीजीएचं सॉकेट असेल तर सरळ तेच वापरा. नसेल तर व्हीजीएचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर मध्ये येतो, आणि मग तुम्ही एक नाही, दोन वस्तू तपासत असता. गेम सुरू करून मॉनिटरच्या मेनूतलं माहितीचं पान बघा. तिथे ‘१९२०×१०८०, ६० हर्ट्झ’ दिसलं तर सगळी काटछाट कन्व्हर्टरने आधीच उरकलेली आहे. बिचाऱ्या मॉनिटरला दोष देऊ नका.

पायरी ३: पट्टी घ्या

खरोखरची पट्टी, सेंटिमीटरची. या जुन्या गेमचं चित्र ४:३ आकाराच्या काचेसाठी काढलेलं असायचं. २४ इंची रुंद मॉनिटरची उंची साधारण ३० सेंटिमीटर भरते, म्हणजे चित्राची रुंदी ४० हवी आणि दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा सेंटिमीटर काळं उरायला हवं.

इथे एक गंमत आहे. मॉनिटरच्या मेनूत ‘ॲस्पेक्ट’ नावाचा पर्याय असतो, आणि तो लावला की आकार बरोबर येणार असं कुणालाही वाटेल. ६४०×४८० ला येतोही. पण ७२०×४०० ला मॉनिटर नुसता भागाकार करतो: १.८. हा आकडा १६:९ च्या इतका जवळ आहे की चित्र जवळजवळ पूर्ण काच व्यापतं आणि गोल चेंडूचं अंडं होतं. म्हणून मेनूत स्पष्ट ‘४:३’ असा पर्याय हवा. माझ्या मते जुन्या गेमसाठी मॉनिटर निवडताना ही सर्वांत कमी लेखली जाणारी गोष्ट आहे. आणि हो, जुने १७ आणि १९ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १२८०×१०२४ चे असतात. ते ५:४ आहेत, ४:३ नव्हेत. फरक थोडा आहे, पण आहे.

पायरी ४: कडा तपासा

ही पायरी व्हीजीए केबलवाल्यांसाठी. डॉसच्या ‘एडिट’ या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये जा, ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांवर १७७ टाइप करा. बारीक ठिपक्यांचा चौकोन उमटेल. त्याने पूर्ण स्क्रीन भरा आणि मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा. ठिपके सगळीकडे सारखे दिसले तर उत्तम. मध्ये मध्ये उभे पुसट पट्टे दिसत असतील तर मेनूतलं ‘क्लॉक’ चुकलंय; सगळीच स्क्रीन थरथरत असेल तर ‘फेज’. आधी क्लॉक, मग फेज, याच क्रमाने फिरवा.

आता गेम सुरू करा. ३२०×२०० च्या गेमचा सिग्नल प्रत्यक्षात ६४०×४०० चा असतो, पण मॉनिटरला तो ७२०×४०० पेक्षा वेगळा ओळखताच येत नाही: ओळी तितक्याच, वेग तोच, ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे सिंकचे इशारेही तेच. मग तो ६४० ठिपक्यांची रुंदी ७२० जागी मोजतो. दर आठ ठिपक्यांमागे नऊ मोजण्या, म्हणजे काही कडा दोन ठिपक्यांच्या मधोमध पडणार आणि पुसट होणार. त्यावर मॉनिटरच्या मेनूत सहसा इलाज नसतो. मोजणी हाताने ठरवू देणारा ओएसएससीसारखा वेगळा स्केलर (पीसी आणि मॉनिटरच्या मध्ये बसून चित्र बदलणारी डबी) लावला तरच हे सुटतं. तेवढा खटाटोप करायचा का, हे गेमवर ठरवा: मारधाडीच्या गेममध्ये लक्षात येत नाही, बारीक अक्षरांच्या गेममध्ये डोळे दुखतात.

पायरी ५: ७० म्हणजे खरंच ७० आहेत का?

माझ्या एका मॉनिटरच्या माहितीच्या पानावर ‘७० हर्ट्झ’ असं ठसठशीत लिहून यायचं, आणि तरी सरकणारी पार्श्वभूमी अडखळायची. तो ७० चित्रं घ्यायचा आणि ६० च दाखवायचा, दर सातातलं एक गिळून.

हे पकडायला मॉनिटर आजच्या पीसीला जोडा, ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ७० हर्ट्झचं कस्टम रिझोल्यूशन बनवा आणि ब्राउझरमध्ये फ्रेम स्किपिंगची चाचणी उघडा. तिथे चौकोनांची जाळी असते आणि दर फ्रेमला पुढचा एक चौकोन उजळतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/५ सेकंद ठेवा, मोबाइल कशाला तरी टेकवून फोटो काढा. ७० हर्ट्झला साधारण १४ चौकोन सलग उजळलेले हवेत. मध्ये अंधारे खड्डे दिसले तर चोरी पकडली.

‘डूम’ (१९९३) सेकंदाला ३५ चित्रांवर चालतो, म्हणजे ७० च्या बरोबर निम्मा. खऱ्या ७० वर प्रत्येक चित्र दोन वेळा दिसतं. ६० वर काही चित्रं एकदा आणि काही दोनदा, म्हणून हळू वळलात तरी भिंती झटके खात फिरतात. मॉनिटर १४० हर्ट्झ घेत असेल तर तेही चालेल. १४० ला ३५ ने चोख भाग जातो.

याच वेळी स्क्रीन बदलताना मॉनिटर किती वेळ काळा होतो, तेही बघून ठेवा. डॉसमधून गेम, गेममधून चित्रफीत, पुन्हा गेम: प्रत्येक उडीला दोन-तीन सेकंद गेले तर सुरुवातीचं संभाषण ऐकू येतं, दिसत नाही.

इम्युलेटर वापरणार असाल तर

म्हणजे आजच्या पीसीवर जुन्या पीसीची नक्कल करणारा, डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम. मग वरचं बरंचसं सोडून द्या. मॉनिटरला त्याचं नेहमीचंच रिझोल्यूशन मिळतं, प्रश्न फक्त गुणाकाराचा उरतो. ३२० ची पाचपट १६००, २०० ची सहापट १२००, आणि १६००×१२०० म्हणजे नेमकं ४:३. हे १०८० उंचीच्या काचेत मावत नाही. तिथे २०० ओळी ५.४ पट कराव्या लागतात, म्हणजे काही ओळी पाच ठिपक्यांच्या, काही सहाच्या. १४४० उंचीच्या मॉनिटरवर १६००×१२०० आरामात बसतं आणि ६४०×४८० ची तिप्पट तर काठोकाठ. निव्वळ या हिशोबावर मी १४४० चा मॉनिटर निवडेन. ४के वर हिशोब तितका जमत नाही, पण तिथे ठिपकेच इतके बारीक की ओळींची उंची-नीच शोधावी लागते. डॉसबॉक्समध्ये ॲस्पेक्टची सेटिंग चालू करा आणि पट्टीची चाचणी पुन्हा एकदा करा.

विंडोज ९५-९८ च्या काळातले गेम थेट चालवत असाल तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्केलिंग आधी ‘डिस्प्ले’वर ठेवून ६४०×४८०, ८००×६०० आणि १०२४×७६८ तपासा, मग ‘जीपीयू’वर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) ठेवून. जे बरं दिसेल ते ठेवा. बहुतेकदा जीपीयूच जिंकतो. आणि विंडोज ७ वर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये पाणी जांभळं आणि गवत लाल दिसलं तर मॉनिटर परत करायला धावू नका. ते २५६ रंगांच्या पॅलेटचं भांडण आहे, विंडोजच्या आतलं. डायरेक्टड्रॉचा (विंडोजचा चित्र काढणारा जुना भाग) रॅपर, म्हणजे त्याची जागा घेणारी छोटी फाइल, लावला की मिटतं.