सबवूफर जोडताय? या चुका टाळा

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकरचा खोका. माझा पहिला सब मी खोलीत जिथे जागा रिकामी होती तिथे ठेवला. कोचावर बसलो की खर्ज जवळजवळ गायब. म्हणून गेन (सबच्या आवाजाची पातळी) वाढवला, मग अजून वाढवला. शेवटी मी ‘बास कमी आहे’ म्हणून कुरकुरत होतो आणि पलीकडच्या खोलीत फडताळातली भांडी खुळखुळत होती. खोका बिघडलाय याची मला खात्रीच होती. बिघाड जागेत होता.

खोलीची लांबी 4.3 मीटर धरा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 344 मीटर, म्हणजे 40 हर्ट्झची अर्धी लहर या दोन भिंतींमध्ये तंतोतंत बसते. भिंतीजवळ तिचा दाब सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य. कोच नेमका मधोमध असेल, तर 40 हर्ट्झचा सूर तुमच्यापर्यंत पोचतच नाही. गेन वाढवला की बाकीचे सगळे सूर फुगतात, खड्डा मात्र तसाच राहतो. इक्वलायझरने (निवडक सूर वाढवायची-कमी करायची सोय) तो भरायला जाऊ नका: 10 डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट ताकद मागायची, आणि तीही त्याच खड्ड्यात जाणार. घुमणारा उंचवटा इक्वलायझरने कापता येतो, खड्डा बुजवता येत नाही. त्यावर उपाय एकच, सब हलवा किंवा कोच हलवा.

सब कुठे हलवायचा हे शोधायची एक युक्ती आहे. दिसायला हास्यास्पद आहे, म्हणून घरी कोणी नसताना करा. सब उचलून कोचावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. वरखाली चढणारी बास गिटार असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा, कान जमिनीजवळ ठेवून. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराने ऐकू येतो, ती सबची जागा. सर्वात जास्त दणका जिथे बसतो ती नव्हे. तिथे सहसा एकच सूर घुमत असतो, आणि बहुतेक वेळा तो कोपरा असतो.

जागा ठरल्याशिवाय बाकीच्या नॉबना हात लावू नका. जागा बदलली की ती सगळी मेहनत वाया जाते.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्याखालचे सूर सबकडे आणि वरचे स्पीकरांकडे जातात ती सीमा. इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच कामाला दोन माणसं लावणं. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आधीच 80 हर्ट्झच्या वरचा भाग कापून फक्त खालचा सबकडे पाठवतो, आणि सबच्या पाठीवरचा नॉबही 80 वर ठेवलेला असतो. मग दोन फिल्टर एकावर एक बसतात. आवाज 80 च्या आसपास खचतो आणि फेजही, म्हणजे सबच्या आणि स्पीकरच्या लहरींचा मेळही, सरकते. रिसीव्हर हे काम करत असेल तर सबचा नॉब शेवटपर्यंत वर न्या, किंवा सबचा स्वतःचा फिल्टर वगळणारं ‘एलएफई’ इनपुट वापरा. साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्यात ही सोय नसेल, तरच सबचा नॉब कामाचा. तो स्पीकर जिथे दमायला लागतात त्याच्या आसपास, किंवा किंचित खाली ठेवा.

रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करायला सांगितलं की उंच टॉवर स्पीकरवाल्यांचा स्वाभिमान दुखावतो. ‘स्मॉल’चा अर्थ एवढाच, की खालचे सूर सबकडे जाऊ द्या. 80 हर्ट्झपासून सुरुवात करा. अगदी चिमुकले स्पीकर असतील तर 120 पर्यंत जावं लागतं, पण मग आवाज कुठून येतोय हे कान ओळखू लागतो. अशा वेळी सब समोरच्या स्पीकरांजवळच हवा. ‘एलएफई + मेन’ हा पर्याय मात्र बंद ठेवा. त्यात तोच खर्ज सबमधूनही येतो आणि स्पीकरमधूनही, आणि दोन्ही आवाज एकमेकांच्या पायात पाय घालतात.

फेजचं बटण 0 वर की 180 वर? इथे वाद घालण्यात अर्थ नाही. क्रॉसओव्हरच्याच फ्रिक्वेन्सीचा टोन लावा, सब आणि स्पीकर दोन्ही चालू ठेवा. एकाने बटण फिरवायचं, दुसऱ्याने कोचावर बसून ऐकायचं. आवाज जिथे जास्त भरीव, ती बाजू बरोबर.

ऑटो सेटअपनंतर (रिसीव्हर मायक्रोफोन लावून स्वतः करतो ते मोजमाप) रिसीव्हर म्हणतो सब 5 मीटरवर आहे, टेप म्हणते 3. लोक लगेच आकडा ‘दुरुस्त’ करतात. करू नका. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाजाला उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या रूपात मोजतो. जास्तीचे 2 मीटर म्हणजे जेमतेम 6 मिलिसेकंद, पण सब आणि स्पीकरचा सांधा जुळायला तेवढे लागतात. त्याच सेटअपने सबची पातळी उणे 12 डेसिबलसारख्या टोकाच्या आकड्यावर नेली असेल, तर सबचा गेन खाली आणून मोजमाप पुन्हा करा.

शांत प्रसंगात सब झोपी जातो? ऑटो स्टँडबायला (सिग्नल नसला की सब आपोआप बंद करणारी सोय) पुरेसा सिग्नल मिळत नाहीये. रिसीव्हरची पातळी थोडी वाढवा आणि सबचा गेन तेवढाच उतरवा.

सतत गुणगुण येत असेल तर सबची सिग्नल केबल काढून बघा. तरीही आली तर दोष सबमध्ये. थांबली तर केबल किंवा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलमार्गे फिरणारा नको तो प्रवाह. मग सब आणि रिसीव्हर एकाच पॉवर स्ट्रिपवर लावून बघा. अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. जिवाशी खेळ आहे.

आणि फाटल्यासारखा आवाज येतोय म्हणून सब दुरुस्तीला नेण्याआधी 20 ते 120 हर्ट्झचा हळू चढणारा टोन लावून खोलीभर फिरा. माझ्याकडे तो फाटका आवाज कपाटाच्या सैल काचेचा निघाला. नमद्याचे दोन तुकडे लावले आणि थांबला.