फाइलमधली न दिसणारी अक्षरं काढा, पण पुऱ्यांच्या पुर्या होऊ देऊ नका

आईच्या पाककृती मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमवल्यात, काही मी टाइप केलेल्या, काही मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवल्या तशाच पेस्ट केलेल्या. पण "कैऱ्या" शोधलं की निम्म्या सापडायच्याच नाहीत. म्हणून फाइल न दिसणारी अक्षरं काढणाऱ्या एका ऑनलाइन क्लीनरमधून काढली, तर कैऱ्यांच्या "कैर्या", पुऱ्यांच्या "पुर्या" आणि वऱ्याच्या तांदळाचे "वर्याचे तांदूळ" होऊन बसले. एकेक पाककृती परत वाचावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी फाइलची कॉपी करा, आणि काम कॉपीवरच करायचं.

ती नोटपॅड++ मध्ये उघडा (टेक्स्ट एडिटर, फुकट आहे, नवी आवृत्ती घ्या). मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर लगेच सेव्ह करू नका, एन्कोडिंग मेनूत नुसतं यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) निवडून बघा, "कन्व्हर्ट टू" वालं नाही कारण ते फाइलच बदलतं. अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील तर मूळ मजकूर गेलेला असतो, जुनी प्रत शोधा. आणि मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर त्याला साफसफाई नाही, युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर लागतो.

आता व्ह्यू मेनूत शो सिम्बॉल, त्यात शो ऑल कॅरेक्टर्स. लपलेली अक्षरं छोट्या चौकटीत नावासकट दिसतात. एक सिलेक्ट करून कंट्रोल-एच (शोधा आणि बदला) दाबा, ते शोधायच्या खान्यात आपोआप येतं.

झेडडब्ल्यूएसपी (ZWSP) म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, खुशाल उडवा. एनबीएसपी (NBSP), म्हणजे ओळ न तोडणारी स्पेस, मात्र उडवायची नाही, तिच्या जागी साधी स्पेस टाका, नाहीतर दोन शब्द चिकटतात. ० ते ३१ कोडची कंट्रोल कॅरेक्टर्सही काढा, फक्त ९ म्हणजे टॅब आणि १० व १३ म्हणजे ओळ संपल्याची खूण, ही ठेवा. फाइलच्या अगदी सुरुवातीची न दिसणारी खूण, म्हणजे बॉम (BOM), नको असेल तर कन्व्हर्ट टू यूटीएफ-८ करा, पण सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये उघडायची असेल तर राहू द्या, तिथे त्यामुळेच मराठी नीट दिसतं.

झेडडब्ल्यूजे (ZWJ), म्हणजे अक्षरं जोडणारं शून्य रुंदीचं अक्षर, दिसलं की थांबा! आपला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे हे झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे, माझ्या कैऱ्या सापडत नव्हत्या त्या यामुळेच. आणि झेडडब्ल्यूजे नुसतं उडवलं की रफार होतो, मग दऱ्यांचा दर्या आणि आचाऱ्यांचे आचार्य, स्पेलचेकलाही कळत नाही कारण शब्द तर बरोबरच असतो.

म्हणून आधी र, हलन्त आणि ती चौकट एवढं सिलेक्ट करून त्याजागी "ऱ्" टाका, रिप्लेस ऑल. मग उरलेली झेडडब्ल्यूजे एकेक बघून काढा. झेडडब्ल्यूएनजे (ZWNJ), म्हणजे अक्षरं जुळू न देणारं, पण असंच, "वाक्‌चातुर्य" मध्ये क चा पाय मोडलेला दिसतो तो त्याच्यामुळे, तिथे ते हवंच.

सेव्ह करून फाइल परत उघडा आणि पुऱ्या, कैऱ्या, दुसऱ्या, साऱ्या असे चारपाच शब्द शोधून बघा. सगळीकडचे सापडले की मगच जुनी फाइल बदला.