पसरणी घाटात दमदार गाडी चालवताना
पावसात वाईहून पसरणी घाट चढताय आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणारी स्पोर्ट्स कार हातात आहे? मग वेग वळणाआधीच, स्टीअरिंग सरळ असताना कमी करा. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला, की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची मागची बाजू घसरते. पोर्शे ९११ चं इंजिन तर मागच्या ॲक्सलच्याही (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही) मागे असतं. तिथे हे फारच जाणवतं. घसरलीच, तर मागची बाजू जिकडे जातेय तिकडेच स्टीअरिंग वळवा. नजर रस्त्यावर, कठड्यावर नको. आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरून फिरू लागली की ताकद आपोआप आवरणारी यंत्रणा, चालूच ठेवा, मित्रांनी कितीही भरीस घातलं तरी.