सांगलीत राहून ऑडिशन कशी द्यायची?

मुंबईची एसटी धरण्याआधी आपल्या गावचा रंगमंच धरा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच सादर केलं. नाट्यपंढरीत राहून तालमीला न जाणं मला पटत नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेत शिरा. सुरुवातीला प्रॉम्प्टिंग, म्हणजे नटांना विसरलेले संवाद आडून सुचवण्याचं काम मिळेल, ते घ्या. मी दोन वर्षं विंगेत वही धरून बसले, आणि पॉज कुठे घ्यायचा ते तिथेच शिकले.

आता बहुतेक ठिकाणी आधी मोबाईलवरचा व्हिडिओ मागतात. साधी भिंत निवडा, खिडकीकडे तोंड करा, पंखा बंद ठेवा, कारण त्याची घरघर आवाज खाऊन टाकते. आधी नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा सांगा, मग दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा. समोरच्या पात्राचे संवाद वाचायला घरातलं कुणीतरी बसवा. माझी आई वाचते, अगदी सपाट, पण बोलताना नजर लावायला समोर माणूस लागतो. फोटो बिनफिल्टरचे पाठवा.

आपली मिरजेकडची बोली लपवू नका. प्रमाण मराठीही घोटा, दोन्ही लागतात.

आणि ऑडिशनसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. मी एकाला 'रजिस्ट्रेशन'चे पाच हजार दिले होते, आईच्या भिशीतले. रोल सोडाच, नंतर त्याचा नंबरही लागला नाही. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, मागत नाही.